वजन तेवढंच होतं

हॉस्पिटलच्या डे-केअरला गेलं की पहिलं काम वजनाचं. चपला काढायच्या, पर्स यांच्याकडं द्यायची आणि काट्यावर उभं राहायचं. केमोचा डोस उंची-वजनावरून काढतात, त्यामुळं ही पायरी कधी चुकली नाही. सिस्टर आकडा फाइलवर लिहायच्या आणि म्हणायच्या, "अठ्ठावन्न. छान टिकवलंय हं काकू." जुलै ते डिसेंबर 2022 मध्ये हे मी सोळा वेळा ऐकलं. केस गेले, भुवया गेल्या, नखं काळी पडली, साधं पाणीसुद्धा कळकलेल्या भांड्यातलं लागायचं. तो एक आकडा तेवढा जागेवर होता. घरी आल्यावर सासूबाई विचारायच्या, "वजन उतरलं का गं?" मी नाही म्हटलं की त्या देवघराकडं बघून हात जोडायच्या.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. सव्वीस वर्षं झाली. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या दोन्ही बाजूंची बेरीज, जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं आमच्यात नवखा कारकूनसुद्धा म्हणत नाही. एका खात्याची रक्कम चुकून दुसऱ्या खात्यावर पडली तर बेरजेला काहीच होत नाही. दोन्ही बाजू झकास जुळतात आणि चूक लेखापरीक्षणापर्यंत तशीच झोपून राहते. हे दुसऱ्याला शिकवणारी मी स्वतःच्या शरीराची मात्र नुसती बेरीज बघत बसले होते.

आजाराचं थोडक्यात सांगते. मे 2022, वय 53, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. डाव्या स्तनात गाठ, 2.6 सेंटिमीटर. पुण्यात ऑपरेशन झालं. स्तन काढला, काखेतल्या 17 ग्रंथी काढल्या, त्यातल्या दोनमध्ये कॅन्सर पोचला होता. ईआर-पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. पहिले चार केमो लाल औषधाचे, तीन-तीन आठवड्यांनी. मग पॅक्लिटॅक्सेलचे बारा, दर आठवड्याला एक. जानेवारीत 15 रेडिएशन. फेब्रुवारी 2023 पासून लेट्रोझोलची गोळी, रोज एक. हे सगळं ज्यांच्या घरात झालंय त्यांना नवं नाही आणि ज्यांच्या झालं नाही त्यांनी आत्ताच सगळं समजून घ्यायची गरज नाही.

सांगायचंय ते आरामाबद्दल.

आजारी पडायच्या आधी मी गोडोलीतून पोवई नाक्यापर्यंत चालत कामाला जायचे. रविवारी जमलं तर चार भिंतीपर्यंत चढून यायचे. ऑपरेशन झालं आणि घरानं माझ्या हातातलं सगळं काढून घेतलं. पाण्याचा तांब्या उचलला तर जाऊबाई धावत यायच्या. कणीक मळायला बसले तर परात ओढून घ्यायच्या. "तुम्ही बसा हो, आम्ही आहोत ना." मायेनंच करत होते सगळे, त्यात खोट नव्हती. मीही बसले. पहिले काही आठवडे बसणं खरंच गरजेचं होतं. लाल औषधानंतरचे चार दिवस तर भिंत धरून बाथरूमला जायचे. पण पाचव्या दिवशी बरं वाटायचं तरी मी पलंगावरच. मोबाइलमधला पावलांचा आकडा एकदा सहज पाहिला, तर दिवसाला 900. पूर्वी नऊ हजार असायचा.

आणि खाणं. भेटायला येणारा माणूस साताऱ्यात मोकळ्या हातानं येत नाही. मोती चौकातल्या कंदी पेढ्यांचे पुडे फ्रिजमध्ये एकावर एक रचलेले असायचे. डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, नाचणीची खीर, "ताकद यायला पाहिजे" म्हणून. त्यात पॅक्लिटॅक्सेलच्या आधी ॲलर्जी येऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्या रात्री झोप येत नाही आणि भूक अशी लागते की विचारू नका. रात्री दोन वाजता अंधारात पुडा सोडून मी चार-चार पेढे खाल्लेत. कागदाचा आवाज होऊ नये म्हणून पुडा आधी टॉवेलवर ठेवायचे.

तरी वजन 58. मग बिघडलं कुठं?

बिघडलेलं कळलं ते एप्रिल 2023 मध्ये, शेजारी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. आजारपणानंतर पहिल्यांदाच चारचौघींत गेले होते. टोपी न घालता, बोटभर वाढलेल्या केसांनी. सतरंजीवर मांडी घालून बसले, आंब्याची डाळ खाल्ली, पन्हं घेतलं, गप्पा झाल्या. निघताना उठायला गेले तर उठताच येईना. दुखत काहीच नव्हतं. मांड्यांना निरोप गेला आणि त्यांनी तो ऐकलाच नाही, असं काहीसं. दोन्ही हात जमिनीला टेकावेत तर डाव्या हातावर जोर द्यायचा नाही, हे वर्षभर घोकलेलं. शेवटी गुडघ्यावर आले, भिंतीकडं सरकले आणि खिडकीचा गज धरून उभी राहिले. बायका गप्प झाल्या. यजमानीण म्हणाली, "अशक्तपणा आहे अजून. आराम करा."

मे महिन्यात दोन तपासण्या झाल्या. पहिली, सोनोग्राफीत यकृतावर एक ठिपका दिसला म्हणून सीटी स्कॅन. आठवडाभर घरात कुणी नीट जेवलं नाही. तो रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी पुंजका निघाला. दुसरी डेक्सा, हाडांची घनता मोजायची. लेट्रोझोलनं हाडं विरळ होतात, म्हणून सुरुवातीलाच ती करून घेतात. मी कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमना हळदीकुंकवाची गोष्ट सांगितली होती. त्या म्हणाल्या, "मग नुसती हाडं नको, त्याच मशीनवर पूर्ण शरीराचं करून घेऊ. चरबी किती, स्नायू किती, तेही कळेल." अडीच हजार रुपये जास्तीचे गेले. टेबलावर सात-आठ मिनिटं निजायचं, वरून एक दांडा सरकत जातो, बास.

कागद हातात आला. वजन 59 किलो. चरबी 41 टक्के. हातापायांतले स्नायू 12.6 किलो. माझी उंची 154 सेंटिमीटर. हातापायांच्या स्नायूंच्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, उत्तर आलं 5.3. आशियाई तज्ज्ञांच्या गटानं 2019 मध्ये बायकांसाठी ठरवलेली खालची रेघ 5.4 आहे. हाताची पकड मोजायचं एक यंत्र असतं, स्प्रिंगच्या काट्यासारखं. त्यात उजव्या हातानं मी 15 किलोपर्यंत गेले. तिथली रेघ 18. खुर्चीवरून हात न लावता पाच वेळा उठायचं, ते 12 सेकंदांत व्हायला हवं. मला 19 लागले.

पण मला पटलं ते पडद्यावर. आजार निघाला तेव्हाच्या पेट-सीटीतला आणि आत्ताच्या सीटीतला एकेक काप मॅडमनी शेजारी-शेजारी लावला. दोन्ही कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचे. शरीर आडवं कापून वरून बघितल्यासारखं चित्र. मधे पांढरा मणका, त्याच्या दोन्ही बाजूंना करड्या रंगाच्या जाड चकत्या, आणि सगळ्यांत बाहेर काळसर पट्टा. करडं म्हणजे स्नायू, काळसर म्हणजे चरबी. जुन्या चित्रात चकत्या भरीव होत्या. नव्या चित्रात त्या आक्रसल्या होत्या आणि त्यांच्यात बारीक काळ्या रेघा शिरल्या होत्या, जुन्या भिंतीतून ओल झिरपावी तशा. बाहेरचा पट्टा मात्र रुंद झालेला. वर्षभर आकडा हलला नव्हता तो असा. एका खात्यातून गेलं आणि दुसऱ्या खात्यावर जमा झालं.

मॅडम म्हणाल्या, "केमो, स्टेरॉइड आणि पलंग. तिघांनी मिळून केलंय हे."

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिनं त्या रात्री बसून एक अभ्यास शोधून पाठवला आणि पुढच्या वेळी आम्ही तो मॅडमपुढं ठेवला. 2018 मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. अमेरिकेतल्या 3,241 बायका, दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर. निदानाच्या वेळच्या सीटीवरून, त्याच तिसऱ्या मणक्यापाशी, स्नायू आणि चरबी मोजली होती. तिघींतल्या एकीचे स्नायू कमी निघाले. स्नायू कमी असलेल्यांत पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण 41 टक्क्यांनी जास्त होतं. चरबी सगळ्यांत जास्त असलेल्या गटात 35 टक्क्यांनी. दोन्ही एकत्र असतील तर 89 टक्क्यांनी. आणि नुसत्या बीएमआयवरून, म्हणजे उंची-वजनाच्या गणितावरून, या बायका ओळखू येत नव्हत्या.

89 वाचून माझे हातपाय गार पडले. मॅडमनी कागदाच्या मागं पेननं हिशेब करून दाखवला. समजा एका गटात शंभरातल्या दहा बायका दगावल्या, तर दुसऱ्या गटात साधारण एकोणीस. 89 टक्के म्हणजे शंभरातल्या एकोणनव्वद गेल्या असं नाही. टक्केवारी कशाची आहे हे आधी विचारायचं, हे मी कर्जदारांना रोज सांगते. स्वतःच्या बाबतीत विसरले. दुसरं त्यांनी सांगितलं ते जास्त महत्त्वाचं होतं. हा पाहणीचा अभ्यास आहे. ज्यांचे स्नायू कमी, त्यांचं पुढं वाईट झालं, एवढंच त्यातून दिसतं. स्नायू वाढवले की कॅन्सर परत येत नाही, असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. "पण उठता येत नाही त्याचं काय करायचं ते आपल्याला माहीत आहे. तिथून सुरू करू."

चरबीचं गणित मात्र मला गोळीमुळं समजलं. पाळी गेल्यावर बीजकोश इस्ट्रोजेन तयार करायचे थांबतात, पण चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते दुसऱ्या हार्मोन्सपासून थोडं-थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. माझा कॅन्सर इस्ट्रोजेनवर वाढणारा. लेट्रोझोल त्या अरोमाटेजलाच अडवतं. म्हणजे रोज रात्री पाण्याबरोबर गोळी गिळायची आणि दिवसभर पेढ्यांवर तोच कारखाना वाढवायचा, असा माझा कारभार चालला होता.

आता एक विषय, ज्यावर बोलायला मला अजून जड जातं. "तू तर सडपातळ, तुला कसा झाला?" हे मला किमान वीस जणींनी विचारलं. विचारणारीला बहुतेक स्वतःची खात्री करून घ्यायची असते. मग कारणंही त्याच देतात: फ्रिजमधलं खाता म्हणून, नोकरीची दगदग म्हणून, मुलगी एकच म्हणून. मीही रात्री जागून हेच शोधत बसायचे, की आपण काय केलं. कपडे मापातले, साडीचं ब्लाउज वीस वर्षांत एकदा उसवलेलं. पुढं कळलं की सडपातळ दिसण्याला आपल्याकडं फारसा अर्थ नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपल्या लोकांची अंगकाठी बारीक आणि आत चरबी जास्त, स्नायू कमी, असं ते मधुमेहाच्या संदर्भात सांगत होते. म्हणूनच आपल्याकडं बीएमआय 25 ऐवजी 23 पासूनच जास्त धरतात. माझा आजारापूर्वी 24.5 होता आणि मी स्वतःला बारीक समजत होते.

पण म्हणून झाला, असं नाही. हे मॅडमनी मला दोनदा बजावलं, आणि मला पटलं ते माझ्या शेजारच्या खुर्चीमुळं. केमोला फलटणकडची एक बाई यायची, ऊसतोडीला जाणारी. दंड असे की सिस्टरला शीर शोधावी लागायची नाही. पोटावर चरबी नावाला नाही. सलाइन लागलेलं असतानासुद्धा ती स्वतःची पाण्याची बाटली भरायला खांबासकट चालत जायची. तिचा दुसऱ्यांदा आला होता, हाडात. मी व्यायामाबद्दल कुणाला सांगायला लागले की ती डोळ्यांपुढं येते, आणि मी आवाज खाली घेते.

फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिनं एक किलोचं डंबेल डाव्या हातात दिलं. मी घेईना. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्या हातानं बीपी नाही, सुई नाही, वजन नाही, हे मला पाठ होतं. वर्षभरात मी त्या हातानं पिशवीसुद्धा उचलली नव्हती. ती म्हणाली, "काकू, वजनाचा नियम जुना झाला आता." मग तिनं 2009 चा एक प्रयोग सांगितला, 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेला. हाताला आधीच सूज असलेल्या 141 बायका. निम्म्यांना हळूहळू वाढवत वजन उचलायला लावलं, निम्म्यांना नाही. उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले. "मात्र सुरुवात अगदी थोड्यानं, हाताला दाब देणारी घट्ट बाही घालून, आणि दर आठवड्याला टेपनं माप." कोपराच्या वर दहा सेंटिमीटरवर तिनं बॉलपेननं टिंब काढलं. तो टेप अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

घरी यादी चिकटवली. खुर्चीवरून उठबस. भिंतीला हात टेकून जोर. रबरी पट्टा ओढणं. टाचा उचलणं. हे आठवड्यातून तीन दिवस, बाकीचे दिवस चालणं. पहिल्या दिवशी उठबस सहा झाल्या आणि मी दिवाणावर आडवी. सासूबाई दारातून बघत होत्या. त्या कोरेगाव तालुक्यातल्या, शेतातून आलेल्या; सासरे तरुणपणी तालमीत जायचे. म्हणाल्या, "ह्याला त्यो फिजो कशाला पायजे? ह्या बैठकाच की. तुझं सासरं पाचशे काढायचं."

घरात खरी लढाई ताटावरून झाली. फिजिओनं एक आठवडा खाल्लेलं सगळं लिहायला सांगितलं होतं, आणि लिहिण्यात मी कच्ची नाही. सकाळी पोहे. दुपारी दोन चपात्या, भाजी, पातळ आमटी, भात. चहा चार वेळा, बिस्किटं. रात्री भाकरी, पिठलं. आहारतज्ज्ञ बाईंनी बेरीज केली तर प्रथिनं दिवसाला जेमतेम 38 ग्रॅम. माझ्या वजनाला त्यांना 70 च्या आसपास हवी होती, किलोमागं 1.2 ग्रॅम. सासूबाई माळकरी, घरात अंडं येत नाही. मग वाटीतली आमटी घट्ट झाली. कोरेगावचा वाघ्या घेवडा, जो आमच्याकडं उपासाच्या आदल्या दिवशी कधीतरी व्हायचा, तो आठवड्यातून तीनदा शिजायला लागला. 100 ग्रॅम कोरड्या घेवड्यात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात, हे ऐकल्यावर सासूबाईंची छाती फुगली. घेवडा त्यांच्या माहेरचा. पोह्यांच्या जागी मुगाची धिरडी, संध्याकाळच्या बिस्किटांच्या जागी वाटीभर दही किंवा पनीर. आणि गच्चीवरच्या खोलीत एक छोटा अंडी उकडायचा डबा. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. सासूबाईंना गुडघ्यामुळं गच्चीवर चढता येत नाही, असं आमच्यात ठरलंय.

सल्ल्यांचं काय सांगू? गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळ, गोमूत्र, साखर पूर्ण बंद, दूध पूर्ण बंद. सोयाबीन तर विषच, त्यात इस्ट्रोजेन असतं म्हणे. सोयाबीनचं मी विचारलं. शांघायमध्ये हा आजार होऊन गेलेल्या 5,042 बायकांची पाहणी 2009 मध्ये छापली गेली आहे. जेवणात सोया जास्त असलेल्यांत आजार परतण्याचं प्रमाण कमीच दिसलं. पावडरी आणि गोळ्या वेगळ्या, त्या नकोत. पण सोयाचे वडे, टोफू याला मॅडमची हरकत नव्हती. भाज्या-फळांचंही तसंच. अमेरिकेत तीन हजारांवर बायकांपैकी निम्म्यांना कित्येक वर्षं भरपूर भाज्या-फळं आणि कमी चरबीचं जेवण घ्यायला लावून बघितलं, त्याचा निकाल 2007 मध्ये आला. आजार परतण्यात फरक पडला नाही. त्या बायकांचं वजनही उतरलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका प्रयोगाचा निकाल आला होता. त्यात चरबी कमी केलेल्या गटाचं वजन थोडं उतरलं होतं आणि आजार परतण्याचं प्रमाणही थोडं कमी होतं. मी पालेभाजी सोडली नाही, पण एखाद्या रसानं तरून जाऊ हे डोक्यातून काढलं.

लेट्रोझोलनं सांधे धरतात. सकाळी बोटं मिटत नाहीत, कुकरचं झाकण लागत नाही, पायऱ्या उतरताना टाचा ठणकतात. जून-जुलैत असं वाटायचं की मी लाकडाची झालेय. व्यायामानं हे दुखणं कमी होतं, असं येल विद्यापीठाच्या प्रयोगात दिसलं होतं, पण दुखत असताना उठून पट्टा ओढायचा म्हणजे शिक्षाच. त्यात साताऱ्याचा पाऊस. चालायला बाहेर पडता येईना, म्हणून घरातल्या घरात, स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत येरझाऱ्या. यांनी एकदा मोजलं, सत्तावीस पावलं होतात. "अगं, एवढं चाललीस तर सज्जनगडाला जाऊन आली असतीस." दुखणं ऑगस्टअखेर निम्म्यावर आलं. गोळी अंगवळणी पडली की व्यायाम, ते मला सांगता येणार नाही.

सप्टेंबरात माझाच आगाऊपणा नडला. गौरी-गणपतीत अंगात उत्साह संचारला. माळ्यावरचे डबे काढले, पाण्याच्या बादल्या उचलल्या, तीन दिवस बाही घातली नाही. चौथ्या दिवशी डावा हात जड, बांगडी मनगटावर रुतलेली. टेप लावला तर टिंबापाशी दीड सेंटिमीटर जास्त. त्या रात्री मी रडले, आणि घरातल्यांच्या चेहऱ्यावर "सांगितलं होतं ना" असं लिहिलेलं दिसत होतं. फिजिओनं वजन परत एक किलोवर आणलं, बाही दिवसभर, हात उशीवर, हलक्या हातानं मालिश. तीन आठवड्यांनी माप पूर्ववत झालं. व्यायाम बंद करायला तिनं सांगितलं नाही, याचं घरच्यांना आश्चर्य वाटलं. बादली आणि डंबेल यात फरक काय, असं जाऊबाईंनी विचारलं. फरक एवढाच, की डंबेल दर आठवड्याला अर्ध्या किलोनं वाढतं आणि बादली एकदम पंधरा किलोची येते.

दिवाळीनंतर कामावर रुजू झाले, तीच वाट, गोडोली ते पोवई नाका. फेब्रुवारीत चार भिंतीपर्यंत गेले. वर पोचून धापा टाकत कट्ट्यावर बसले, खाली सगळं सातारा धुक्यात, आणि मला फोटो काढायचं सुचलंच नाही.

मार्च 2024 मध्ये परत डेक्सा. तंत्रज्ञ तोच, दांडा तसाच सरकला. वजन 58. चरबी 41 वरून 37.8 टक्के. हातापायांचे स्नायू 13.3 किलो, म्हणजे भागाकार 5.6. पकड साडेएकोणीस. पाच उठबशा 11 सेकंदांत. हाडं मात्र तिथंच, किंचित विरळ. त्यासाठी दर सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिक ॲसिड या हाडांच्या औषधाचं सलाइन चालू आहे. मॅडमनी कागद वाचला, मान डोलावली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. बाहेर जाऊबाई बसल्या होत्या. त्यांनी उत्सुकतेनं विचारलं, "किती कमी झालं वजन?"

"एक किलो."

"दहा महिन्यांत एवढंच?"

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या जून महिन्यात, मुलीनं अजून एक बातमी पाठवली. आतड्याच्या कॅन्सरच्या 889 रुग्णांवर झालेला प्रयोग. केमो संपल्यावर निम्म्यांना तीन वर्षं माणूस नेमून व्यायाम करवला, निम्म्यांना नुसती माहितीपुस्तिका दिली. पाच वर्षांनी आजार न परतता जगत असलेले व्यायामाच्या गटात 80.3 टक्के, दुसऱ्या गटात 73.9 टक्के. ही नुसती पाहणी नव्हती, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली होती. ते आतड्याचं आहे, माझ्यावर तसंच्या तसं लावता येत नाही, हे मी आता मॅडमना न विचारता सांगू शकते. तरी मी तो कागद छापून घेतला आणि यादीच्या शेजारी चिकटवला.

यादीपुढं आता दोन खुर्च्या असतात. थंडीत सासूबाई मोरीतून उठताना अडखळल्या, तेव्हापासून दुसरी त्यांची. वय 79. घड्याळ मी लावते, मोजतात त्या स्वतः, धान्य मापताना मोजतात तसं.

"लाभ... दोन... तीन..."

चौथ्याला गुडघा कुरकुरतो, त्या माझ्या खांद्याकडं बघतात पण धरत नाहीत. पाचव्याला उभ्या राहिल्यावर पदर सावरतात आणि विचारतात, "किती?"

"सोळा सेकंद."

"घड्याळ पुढं हाय तुझं."

मग पुन्हा बसतात.